पहिल्या नोकरीचा खर्च कोणी सोसायचा?

‘सर, अनुभवाचा दाखला विकत घेऊ का?’

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला, आणि तोही पुस्तकाची कोणती आवृत्ती घेऊ असे विचारावे इतक्या सहजपणे. पुण्यातील एका क्लासने त्याला भाव सांगितला होता: चाळीस हजार रुपयांत दोन वर्षांचा अनुभव. त्यात नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, नोकरी सोडल्याचे पत्र आणि कोणी फोनवर चौकशी केलीच तर ‘होय, आमच्याकडे होता’ असे सांगणारा माणूस, इतके सर्व मिळणार होते. पैसे दोन हप्त्यांत दिले तरी चालणार होते.

मुलगा इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर, आई कांड्या भरते. अनुदानित बी.कॉम.ची फी घराला झेपणारी होती; त्याच महाविद्यालयातील बीसीएचा वर्ग विनाअनुदानित होता आणि त्याची फी झेपणारी नव्हती. म्हणून तो बी.कॉम. झाला. प्रोग्रॅमिंग शिकला तो रात्री, दहा हजारांना घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या धड्यांवरून. इंग्रजी अडे तेथे शब्दकोश घेऊन बसे. तीन वर्षे हे चालले होते. पहिला उपयोगी प्रोग्रॅम त्याने लिहिला तो वडिलांच्या मजुरीसाठी. कापडाचा दर पीक आणि मीटर यांच्या हिशेबाने निघतो. ५२ पिकाचा दर धरून इतर वाणांचे दर काढतात. दिवाणजीच्या वहीतील आकडा आणि घरचा आकडा कधीच जुळत नसे. मुलाच्या प्रोग्रॅमने तो हिशेब मोबाइलवर आणला, शेजारच्या कामगारांनी तो उचलला आणि दोन कारखान्यांत दिवाणजींना वही दुरुस्त करावी लागली.

एवढे भांडवल घेऊन त्याने चारशेहून अधिक अर्ज केले. बोलावणी आली तीन. दोन ठिकाणी काम पाहून तांत्रिक मंडळींनी मान डोलावली आणि पुढच्या खोलीतील मनुष्यबळ अधिकाऱ्याने पदवी पाहून फाइल मिटली. तिसऱ्या कंपनीने ‘चाचणी’ म्हणून तीन दिवसांचे काम करून घेतले व त्यानंतर फोन उचलला नाही.

मी त्याला दाखला घेऊ नकोस म्हणून सांगितले. सत्य, चारित्र्य, पुढे उघडकीस आले तर काय, हे सारे मास्तरी अवसानात बोललो. त्याने ऐकून घेतले, चहा घेतला आणि तो गेला. रात्री मला झोप लागेना, त्याचे कारण सांगतो. निवृत्तीपूर्वी मी काही वर्षे एका महाविद्यालयात उपप्राचार्य होतो आणि बीसीएच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांवर ‘सदर प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः पूर्ण केला आहे’ अशा दाखल्यांखाली माझी सही असे. त्यांतील बरेच प्रकल्प महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बांधणीसह तयार मिळत, हे शिपायालाही ठाऊक होते. मलाही होते. तेव्हा खोटा दाखला मीही दिला आहे. फरक इतकाच की माझ्या दाखल्यावर गोल शिक्का होता आणि तो फीमध्येच अंतर्भूत होता.

या प्रश्नाकडे एका मुलाच्या नशिबाची गोष्ट म्हणून पाहून चालणार नाही. त्यामागे एक आर्थिक व्यवहार आहे. कामगाराला पहिल्यांदा कामास लावायचे तर त्याला काही महिने शिकवावे लागते, त्याच्या चुका सोसाव्या लागतात, अनुभवी माणसाचा वेळ त्याच्यावर घालवावा लागतो. हा खर्च कोणाचा? भांडवलशाहीचे निस्सीम पुरस्कर्ते असलेले अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ सालीच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात चालते त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक उचलणार नाही, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या दारी जाईल. तेव्हा कामगाराने शिकण्याच्या काळात कमी वेतन घेऊन तो स्वतःच सोसावा. उत्तर निर्दय आहे, पण त्यात हिशेब तरी आहे.

आता हा हिशेब आमच्या मुलाला लावून पाहा. त्याने शिकण्याचा सारा खर्च आधीच भरला आहे. मालकाला त्याच्यासाठी दमडी खर्चावी लागलेली नाही, शासनालाही नाही. बेकरसाहेबांचे शास्त्र खरे असते तर कंपन्यांनी त्याला पायघड्या घालावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात अर्ज कोणा माणसाच्या डोळ्यांखाली येण्याआधीच यंत्र तो बाजूला काढते: बी.ई., बी.टेक. वा एमसीए नाही, दहावी-बारावी-पदवी या तिन्हींत ६० टक्के नाहीत, मध्ये एक वर्षाचा खंड आहे. द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला तो निदान एकलव्याचा नेम पाहिल्यावर. येथे नेम पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: पदवी ही ज्ञानाची हमी आहे. हे उत्तर उद्योगाच्या स्वतःच्या इतिहासातच टिकत नाही. आयबीएमने १९५०च्या दशकात प्रोग्रॅमर निवडण्यासाठी कलचाचणी वापरली, कारण त्या विषयाची पदवीच अस्तित्वात नव्हती. अमेरिकेतील पहिला संगणकशास्त्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो १९६२ साली. ज्यांनी हा व्यवसाय उभा केला ते सारे आजच्या चाळणीत अडकले असते. आपल्याकडे तर गंमत आणखी पुढची आहे. आमच्या मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षे सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या इंजिनिअरांना सरसकट घेत आल्या आणि काही महिन्यांत त्यांना प्रोग्रॅमिंग शिकवीत आल्या. म्हणजे ज्याने उभ्या जन्मात प्रोग्रॅम लिहिला नाही तो इंजिनिअर चालतो आणि तीन वर्षे प्रोग्रॅम लिहिणारा बी.कॉम. चालत नाही. येथे ज्ञानाचा प्रश्न कोठे आला?

प्रश्न आहे तो माणसे स्वस्तात वगळण्याचा. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात दाखविले की, शिक्षणाने उत्पादकता तिळमात्र वाढली नाही तरी पदवी ही ‘खूण’ म्हणून बाजारात चालू शकते. मात्र त्यांच्या युक्तिवादाला एक अट आहे: ती खूण मिळविण्याचा खर्च हुशाराला कमी आणि मठ्ठाला अधिक पडला पाहिजे. महाराष्ट्रात हा खर्च डोक्यावर ठरत नाही, बापाच्या खिशावर ठरतो. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. त्या वेळी मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि जागा वाढतील, ग्रामीण मुले शिकतील, या युक्तिवादाने आमच्यापैकी काहीजण विरघळलेही होते. जागा खरोखरच वाढल्या. परंतु तेव्हापासून तांत्रिक शिक्षण ही नागरिकाने मागायची वस्तू न राहता ग्राहकाने विकत घ्यायची वस्तू झाली. आजचा ‘स्वयंशिक्षित’ प्रोग्रॅमर हा छंदिष्ट वल्ली नव्हे. शासनाने शिकविण्याची जबाबदारी सोडून दिली, तेव्हा तिच्याबाहेर जो राहिला त्याचे हे नवे नाव आहे.

या नावाचे अलीकडे फार कौतुक चालते. हजारांतून एखादा मुलगा मोठ्या पगारावर लागतो, त्याची मुलाखत छापून येते, ‘कौशल्य असेल तर पदवी लागत नाही’ असे एखादा उद्योगपती व्यासपीठावरून सांगतो आणि उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना आपणच कमी पडलो असे वाटू लागते. उद्योगपतीच्या कंपनीच्या जाहिरातीत मात्र पदवीची अट तशीच असते.

पदवीच्या चाळणीखाली दुसरी चाळणी आहे, ती ओळखीची. तिला आता ‘रेफरल’ म्हणतात. कंपनीत असलेल्या माणसाने नाव सुचवावे, नेमणूक झाली तर त्याला बक्षीस मिळावे, अशी ही व्यवस्था. ज्याच्या गल्लीत कोणीच कंपनीत नाही त्याचे नाव कोण सुचविणार? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अभ्यासवर्गांत अवश्य वाचला जावा. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. बदलली ती फक्त नावे. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. जो अर्ज केवळ कागदावरून जोखला जातो त्यात गुणवत्ता किती आणि आडनाव किती, हे त्यावरून कळते. खाजगी क्षेत्रात आरक्षण नको, कारण तेथे गुणवत्ता चालते, असे म्हणणाऱ्यांनी गुणवत्ता तपासण्याची खुली व्यवस्था आजवर का उभारली नाही, हेही एकदा सांगावे.

दार उघडले तरी आत काय आहे? या उद्योगात नवशिक्याचा वार्षिक पगार दशकभराहून अधिक काळ तीन ते साडेतीन लाखांच्या आसपास घोटाळतो आहे. महागाई वजा केली तर तो घसरला आहे, हे सांगायला अर्थशास्त्राचा प्राध्यापक लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून शिकाऊ उमेदवारांना अंतर्गत परीक्षेत नापास झाले म्हणून एका फटक्यात काढून टाकले. कंपनीचा आकडा तीनशेच्या वर, कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा सातशे. यांतील अनेकांची निवड २०२२ साली झालेली होती आणि त्यांना रुजू होण्यासाठीच दोन वर्षे ताटकळत ठेवले होते. ही पदवीवाल्यांची कथा. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी बाजारात उतरलेला अनुभवी माणूस नवशिक्याच्या पगारावरही राजी होतो. त्यातच, पूर्वी नवशिक्याच्या हाती जे किरकोळ काम दिले जाई, म्हणजे छोट्या दुरुस्त्या, तपासणी, ठरीव साच्याचे लेखन, ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून करून घेण्याकडे कल वाढतो आहे. शिडीची खालची पायरीच काढली जात आहे. मार्क्सने ज्या राखीव फौजेचे वर्णन केले तिच्या हाती आता लॅपटॉप आहे, एवढाच बदल.

आणि शासन काय करते? २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत निम्मेच तरुण, नेमके सांगायचे तर ५१.२५ टक्के, नोकरीस लायक असल्याचे छापले गेले. लायकी ठरविणार मालक, चाचणी घेणार मालकांच्या गोटातील संस्था आणि नालायकीचा शिक्का मारणार शासन! मग ‘इंटर्नशिप’चा उतारा निघाला. २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना मोठ्या कंपन्यांत महिना ५,००० रुपयांवर उमेदवारी देण्याची घोषणा झाली. त्यांतले ४,५०० सरकारी तिजोरीतून आणि ५०० कंपनीच्या सामाजिक निधीतून. पहिल्या फेरीत सव्वा लाखाच्या वर जागा दाखविल्या गेल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते दहा हजारांच्या आत. पाच हजारांत हिंजवडीत खाटेचे भाडेही सुटत नाही. इचलकरंजीच्या मुलाने तेथे कशाच्या जोरावर राहावे? खर्च कोणी सोसायचा या प्रश्नाचे शासनाचे उत्तर असे की मालकाच्या वाट्याचा भार करदात्याने उचलावा आणि उरलेला मुलाच्या आईबापांनी.

कायदे नाहीत असेही नाही. १९५९ च्या कायद्याने पंचवीस वा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन घातले, आणि त्याच कायद्यात, त्या कार्यालयातून माणूस घेण्याचे बंधन नाही, असेही लिहून ठेवले. ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे २०१९ चे नियम सांगतात की, तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. हे बंधन सॉफ्टवेअर कंपन्यांकडून कोण पाळून घेतो? आपल्या किती कार्यकर्त्यांनी जिल्हा कार्यालयात जाऊन हा आकडा मागितला आहे? मी मागितलेला नाही, हे आधी कबूल करतो.

येथे आपल्याच एका साथीचा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. तो म्हणतो, हा पांढरपेशांचा प्रश्न आहे. कंत्राटी कामगार, ऊसतोड मजूर, शेतकरी यांचे प्रश्न जळत असता संगणकवाल्यांची कसली काळजी वाहायची? या साथीला माझा सवाल आहे की, यंत्रमाग कामगाराचा मुलगा कोणत्या दिवसापासून पांढरपेशा झाला? लॅपटॉप घेतला त्या दिवसापासून? आपल्या चळवळीची ही जुनी खोड आहे. १९६९ साली स्वयंचलनाचा प्रश्न तपासण्यासाठी वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९७२ मध्ये तिचा अहवाल आला. त्या काळात व पुढेही बँकांत आणि विम्यात यंत्रे येऊ द्यावीत की नाही यावर आपण हिरिरीने भांडलो. ते भांडण व्यर्थ होते असे मी म्हणत नाही. त्याने हजारो कारकुनांना संरक्षण मिळाले. परंतु यंत्रांमुळे जी नवी कामे निर्माण होतील त्यांत कोण शिरणार आणि दारावर कोण उभा असणार, हे आपण कधी विचारले नाही. दार सताड मोकळे सोडले आणि मालकांनी तेथे आपला दरवान बसविला.

मागायचे काय? सर्वांत आधी, राज्य शासनाने प्रोग्रॅमिंगची खुली, प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. नाममात्र शुल्कात, मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत, पदवीची, टक्क्यांची वा वयाची अट न घालता. हे अशक्य नाही. डीओईएसीसी योजनेने १९९० सालापासून विद्यापीठाबाहेरच्या संगणकशिक्षणाला मान्यतेची पातळी दिली होती, आणि सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र सक्तीचे करताना याच शासनाला कोणतीही अडचण आली नव्हती. या परीक्षेतील यश शासनाच्या, महापालिकांच्या आणि सहकारी बँकांच्या भरतीत पदवीच्या बरोबरीने धरले जावे. दुसरी गोष्ट कंत्राटांची. सातबाऱ्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सरकारी कामांची सॉफ्टवेअर जनतेच्या पैशातून बनतात. ज्या कंपनीला हे काम हवे तिने त्यात ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार या परीक्षेतून घ्यावेत आणि त्यांना राहण्याजोगे वेतन स्वतःच्या गंगाजळीतून द्यावे, अशी अट निविदेतच घालता येते. ‘चाचणी’च्या नावाखाली फुकट करून घेतलेल्या कामाचा मोबदला आणि नोकरीसाठी अनामत वा फी घेण्यावर बंदी, या मागण्या तर कोणत्याही कामगार संघटनेला पाठ असायला हव्यात. आणि खोट्या अनुभवाचा धंदा मोडायचा तर पोलिसांनी क्लास चालविणाऱ्याच्या घरी जावे. दाखला घेणाऱ्या मुलाला काळ्या यादीत टाकून मालकांनी साळसूदपणाचा आव आणू नये.

कोणी म्हणेल, सर्वांनाच कशी नोकरी मिळेल, जागाच नाहीत. जागा कमी आहेत हे खरे, आणि खुल्या परीक्षेने त्या वाढणार नाहीत, हेही खरे. पण आज ज्या आहेत त्या वाटण्याची पद्धत उघड आणि तपासता येण्याजोगी असावी ही मागणी जागा वाढण्याची वाट पाहत थांबण्यासारखी नाही. आणि आपण ठरविले तर जागा सर्वस्वी मालकांच्याच हाती आहेत असेही नाही. बाजार समित्या, पतसंस्था, ग्रंथालये, कामगार संघटनांची कार्यालये यांची दप्तरे अजून वह्यांत आहेत किंवा बाहेरच्या कंपनीच्या इंग्रजी प्रोग्रॅममध्ये अडकली आहेत. मजुरीचा हिशेब मराठीत करणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला तेथे वर्षभर पगार देऊन ठेवणे कोणाच्याही आवाक्याबाहेर नाही.

हे मी आमच्या जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या संचालकांना सांगितले. संस्था आपल्याच विचारांच्या मंडळींनी काढलेली. अध्यक्ष माझ्याबरोबर आणीबाणीविरुद्धच्या मोर्चात होते. त्यांना संगणकाच्या कामासाठी माणूस हवाच होता. त्यांनी शांतपणे ऐकले, ‘सर, मुलगा नक्कीच चांगला असेल’ असे म्हणाले आणि टेबलावरचा जाहिरातीचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. त्यात लिहिले होते: पात्रता बी.ई. अथवा एमसीए, किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.

मसुदा अजून छापावयास गेलेला नाही. संचालक मंडळाची बैठक पंधरा तारखेला आहे. मी सभासद असल्याने त्या ओळीला लेखी हरकत दिली आहे आणि इतर सभासदांनीही ती द्यावी म्हणून घरोघर जात आहे. मुलाने अजून पुण्याच्या क्लासला पहिला हप्ता भरलेला नाही. पंधरा तारखेपर्यंत थांबतो, असे तो म्हणाला आहे.